जुनी लेदर हँडबॅग पुन्हा वापरात आणताना: काय करायचं, कोणत्या क्रमानं आणि कुठे थांबायचं

सेकंडहँड घेतलेल्या जुन्या लेदर बॅगेला सगळ्यात मोठा धोका असतो तो ती घरी आल्यानंतरच्या पहिल्या संध्याकाळी. वीस-तीस वर्षं कपाटात धूळ खात पडूनही टिकलेली बॅग ओल्या वाइप्सनी घासून आणि वर स्वयंपाकघरातलं तेल चोपडून तासाभरात बिघडवता येते. हात शिवशिवत असतात, ती कशी दिसेल याची उत्सुकता असते, आणि सल्ले तर दहा दिशांनी येतात. अशा बऱ्याच बॅगांवर काम केल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की कोणतं क्रीम वापरलं याला फारसं महत्त्व नाही. कोणतं काम आधी केलं, कोणतं नंतर, आणि मधे किती थांबलो, यावर निकाल ठरतो. लेदरमध्ये एकदा मुरलेली गोष्ट बाहेर काढता येत नाही, म्हणून क्रम चुकवून चालत नाही.

खालचा क्रम मी पाळते. तुम्ही नव्यानं सुरुवात करत असाल तर पहिल्या बॅगेला तरी तो जसाच्या तसा पाळा.

१. घेण्याआधी: काय सुधारेल, काय नाही

फोटो पाहून घेत असाल तर विकणाऱ्याकडून चार फोटो नक्की मागा: तळाचे चारही कोपरे, पट्टा बॅगेला जोडलेला असतो तो भाग, उघडलेली चेन आणि आतलं अस्तर. समोरून काढलेला सुंदर फोटो काहीच सांगत नाही. बॅग झिजते ती कोपऱ्यांत आणि पट्ट्याच्या मुळाशी.

धूळ, मळ, कोरडेपणा, काळवंडलेलं पितळ, वरवरचे ओरखडे, बसका झालेला आकार हे सगळं बरंच सुधारतं. अशी बॅग घाण दिसते म्हणून सोडू नका. शाईचे डाग, जुने तेलकट डाग, फिक्या बॅगेला लागलेला जीन्सचा निळा रंग आणि सिगारेटचा वास हे कमी होतात, पूर्ण जातील अशी खात्री धरू नका.

तीन गोष्टी दिसल्या तर बॅग परत ठेवा. पहिली, पापुद्रे सुटलेलं रेक्झिन किंवा लेदरचा चुरा चिकटवून केलेलं ‘बाँडेड लेदर’. त्याचा वरचा थर प्लास्टिकचा असतो, तो सुटू लागला की सुटतच जातो. दुसरी, चिकट झालेलं अस्तर. आतल्या कापडावरचा पॉलियुरेथेनचा लेप हवेतल्या दमटपणानं विघटित होऊन डिंकासारखा होतो. त्यावर पावडर टाकून दोन दिवस बरं वाटतं, पण खरा इलाज म्हणजे अस्तर बदलणं. तिसरी, ‘रेड रॉट’. झाडांच्या सालींतल्या टॅनिननं कमावलेल्या जुन्या लेदरनं हवेतला सल्फर डायऑक्साइड शोषला की त्याचं आम्ल बनतं आणि लेदरचे तंतू तुटू लागतात. बोट फिरवलं की विटकरी भुकटी हाताला लागते. संग्रहालयांत अशा वस्तूंवर हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज अल्कोहोलमध्ये विरघळवून लावतात. त्यानं भुकटी गळायची थांबते, गेलेली ताकद परत येत नाही. अशी बॅग जपून ठेवता येईल, खांद्याला लावून फिरता येणार नाही. आणि तिला पाणी अजिबात लावू नका, ती काळी पडून कडक होते.

मगर, अजगर, घोरपड यांच्या कातड्याची जुनी बॅग परदेशातून मागवण्याचा विचार असेल तर जरा थांबा. दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या, १९७५ पासून लागू असलेल्या साइट्स या आंतरराष्ट्रीय करारामुळे अशा अनेक प्राण्यांच्या वस्तू सीमेपार नेताना परवाना लागतो, आणि बॅग जुनी आहे एवढ्यानं ती अट आपोआप सुटत नाही.

२. पाणी लावण्याआधी लेदर ओळखा

हे सगळ्यात महत्त्वाचं पाऊल आहे आणि बहुतेक जण नेमकं हेच टाळतात.

तळाशी किंवा फ्लॅपच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, स्वच्छ पाण्याचा एक छोटा थेंब ठेवा आणि मिनिटभर पाहा. थेंब तसाच वर राहिला तर लेदरवर रंगाचा किंवा लाखेचा संरक्षक थर आहे. हे नवशिक्यासाठी सगळ्यात सोपं लेदर. थेंब हळूहळू आत जाऊन डाग गडद झाला आणि सुकल्यावर नाहीसा झाला तर ते अॅनिलिन, म्हणजे वर जाड थर न देता फक्त रंग मुरवलेलं, जवळजवळ उघडं लेदर आहे. ते सुंदर असतं, पण त्याला लावलेली प्रत्येक गोष्ट आत जाते. थेंब झटकन शोषला गेला आणि कडेला वर्तुळ राहिलं, तर तुमच्या हातात रंग न दिलेलं कोरं लेदर आहे. पट्टे आणि हँडल पुष्कळदा अशा लेदरचे असतात. त्यावर पाण्याचे डाग कायमचे राहतात.

हात फिरवल्यावर लव जाणवत असेल तर ते स्वेड किंवा नुबक. त्याला यापुढचं ओलं आणि तेलकट काहीही लागू नाही. त्याच्यासाठी फक्त मऊ ब्रश, स्वेडचा खोडरबर, आणि तेलाचा डाग असेल तर त्यावर रात्रभर टाकून ठेवलेली कॉर्नस्टार्चची पावडर. आरशासारखं चकचकीत पेटंट लेदर नुसत्या ओलसर कापडानं पुसायचं. दुसऱ्या बॅगेचा किंवा कागदाचा रंग त्यात उतरला असेल तर तो निघत नाही.

जमलं तर लेदर कसं कमावलं आहे तेही बघा. झिजलेल्या कोपऱ्यात किंवा आतल्या खिशाच्या कापलेल्या कडेला डोकावा. कडेचा मधला भाग राखाडी-निळसर दिसला तर क्रोमनं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं, तपकिरी दिसला तर बहुधा टॅनिननं. गडद रंगवलेल्या लेदरमध्ये रंग आरपार गेलेला असतो, तिथे ही खूण चालत नाही. उष्णता कोणाला किती सोसते ते यावर ठरतं. ओलं असताना टॅनिनचं लेदर साधारण ७० ते ८५ अंश सेल्सियसला आकसतं, जुनं आणि खराब झालेलं त्याआधीच. क्रोमचं साधारण १०० अंशांपर्यंत तग धरतं. हेअर ड्रायर आणि इस्त्री या कामात का नको, ते या आकड्यांवरून कळेल.

३. सामान

- चार-पाच पांढरे सुती कापडाचे तुकडे. जुना टी-शर्ट उत्तम. रंगीत कापड नको, त्याचा रंग उतरतो आणि निघालेला मळही दिसत नाही.
- घोड्याच्या केसांचा मऊ ब्रश आणि एक जुना मऊ टूथब्रश
- कापसाच्या काड्या, लाकडी टूथपिक
- लेदरसाठीच बनवलेला, सौम्य, पीएच जुळवलेला क्लीनर
- लेदर कंडिशनर (कोरड्या लेदरला मऊपणा देणारं क्रीम), शक्यतो रंग गडद न करणारा
- पितळेचं पॉलिश किंवा पॉलिश लावलेलं कापड, मास्किंग टेप
- आत भरायला पांढरा टिश्यू पेपर किंवा फिके टॉवेल. छापील वर्तमानपत्र अस्तराला शाई लावतं.
- बुरशी असेल तर मास्क आणि हातमोजे

आता काय आणायचं नाही ते. कमावलेलं लेदर मुळात आम्लधर्मी असतं, पीएच साधारण ३.५ ते ५. अंगाचा साबण ९-१० च्या घरात असतो, बेकिंग सोड्याचं पाणी ८ च्या आसपास. अल्कलीनं लेदरमधली तेलं आणि रंग सुटतात, म्हणून दोन्ही लेदरवर नकोत. व्हिनेगर उलट टोकाला आहे, त्याचीही गरज नाही. घोड्याच्या खोगिरासाठीचा सॅडल सोप हाही साबणच. जाड, रांगड्या खोगिराला तो चालतो, नाजूक बॅगेला मी लावत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर तर घरातून लांब ठेवा, त्यातलं अॅसिटोन वरचा थर रंगासकट उतरवतं. बुटांचं पॉलिशही नको. बुटाला ते शोभतं, पण बॅग दिवसभर कपड्यांना घासते आणि रंग तिकडे जातो.

४. आधी आतून, आणि कोरडं

सगळे खिसे रिकामे करा. अस्तर बाहेर ओढता आलं तर ओढा, नाहीतर बॅग उलटी धरून झटका. कोपऱ्यांतला बारीक कचरा व्हॅक्यूम क्लीनरच्या छोट्या तोंडानं किंवा कपडे झाडायच्या चिकट रोलरनं काढा. कापडी अस्तर ओलसर कापडानं पुसता येतं, पण ते भिजवू नका. पाणी मागच्या लेदरपर्यंत पोचतं आणि बाहेर डाग उमटतो.

मग बाहेरून ब्रश. शिवणीच्या बाजूनं, बक्कलखाली, पाइपिंगच्या (कडेनं शिवलेल्या गोल गोटाच्या) खाचेत. धूळ ओली झाली की तिचा चिखल होऊन तीच लेदरवर घासली जाते, म्हणून हे काम सावकाश आणि पूर्ण करा. पुष्कळ बॅगा एवढ्यानंच अर्ध्या उजळतात.

५. वास आणि बुरशी

पांढरट काही दिसलं की लगेच बुरशी समजू नका. लेदरमधली मेदाम्लं पृष्ठभागावर येऊन पांढरा थर धरतात. तो हाताच्या उबेनं चोळला की विरघळतो आणि त्याला वास नसतो. तो कोरड्या कापडानं पुसला की झालं. बुरशी मात्र केसाळ असते, ठिपक्यांनी पसरते आणि कुबट वास देते.

बुरशी असेल तर बॅग घराबाहेर न्या, मास्क लावा, कोरड्या ब्रशनं झाडा आणि तो ब्रश इतर बॅगांना वापरू नका. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन, कापड जेमतेम ओलसर करून पुसा. आधी लपलेल्या जागी चाचणी घ्या, कारण अल्कोहोल काही थरांचा रंग उचलतं. त्यानंतर कोरड्या, वाऱ्याच्या जागी बॅग उघडी ठेवा. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली तर बुरशी पुन्हा येते, म्हणून जागा बदलणं हाच खरा उपचार.

वासासाठी सक्रिय कोळशाच्या पुड्या आत ठेवून बॅग मोठ्या खोक्यात बंद करा आणि काही आठवडे विसरून जा. वासावर सुगंध फवारू नका, मग दोन्ही वास राहतात. ओझोन यंत्राचा सल्लाही मिळेल. ओझोन वासाबरोबर लेदर, दोरा आणि रबर यांचंही ऑक्सिडेशन करतो, मी तो वापरत नाही.

६. धातू आता, नंतर नाही

पॉलिश करताना निघणारी काळी घाण लेदरवर उतरते. ती पुढच्या ओल्या सफाईत पुसली जावी म्हणून धातूचं काम आधी उरकायचं.

पहिल्यांदा लोहचुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड आहे आणि पिवळेपणा फक्त वरच्या मुलाम्याचा. तो घासून निघेल, म्हणून नुसता पुसा. चिकटला नाही तर पितळ असू शकतं, पण जस्ताच्या मिश्रधातूलाही चुंबक लागत नाही. मुलामा झिजून कुठे राखाडी धातू दिसतो का ते भिंगातून पाहा. भरीव पितळ असेल तर भोवतीच्या लेदरवर मास्किंग टेप लावा. उघड्या, शोषणाऱ्या लेदरवर टेप नको, तिथे खाच पाडलेला प्लास्टिकचा तुकडा बक्कलखाली सरकवा. पॉलिश कापडाला लावा, धातूवर ओतू नका.

रिव्हेटच्या कडेला हिरवा, मेणासारखा थर दिसतो तो पितळेतलं तांबं आणि लेदरमधलं तेल यांच्या संयोगानं बनतो. टूथपिकनं तो खरवडून काढा. पितळ अगदी नव्यासारखं करायचा अट्टहास मात्र नको. किंचित मंद झालेलं पितळ जुन्या लेदरशेजारी जास्त शोभतं असं माझं मत आहे.

चेन अडत असेल तर दातांवरून मऊ पेन्सिलीचं शिसं फिरवा, फिक्या कापडाजवळ पेन्सिलीऐवजी मेण. चेन लागते पण मागे उघडत जाते, अशी तक्रार असेल तर रनर (चेनचा सरकणारा भाग) सैल झालेला असतो. पकडीनं त्याच्या दोन्ही बाजू अगदी किंचित दाबा, एकदम नाही. पितळी रनर जोर लावला तर मोडतो.

७. ओली सफाई

क्लीनर कापडावर घ्या, बॅगेवर कधीच टाकू नका. कापड इतकंच ओलसर हवं की पिळलं तर थेंब पडणार नाही. लपलेल्या जागी चाचणी घ्या, वाळू द्या, मग सुरुवात करा.

हलक्या हातानं, गोल फिरवत, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचा पूर्ण तुकडा एका दमात पुसा. मधेच थांबलात तर तिथे पाण्याची रेघ राहते. डाग दिसला म्हणून फक्त डाग पुसू नका, नाहीतर घाणेरड्या बॅगेवर एक स्वच्छ ठिपका तयार होतो आणि तो जास्त डोळ्यांत भरतो. कापडाची बाजू सतत बदला. कापडावर तपकिरी-काळा मळ येतोय तोवर ठीक. बॅगेचाच रंग येऊ लागला की त्या क्षणी थांबा. हँडलवरचा काळा, चिवट थर म्हणजे हाताचा तेलकट घाम आणि मळ. तो एका दिवसात निघत नाही. दोन-तीन दिवसांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा हलकं पुसा.

शाईच्या डागाला हात लावू नका असंच मी सांगेन. शाई सोडवणारं द्रावण वरचा रंगही सोडवतं, आणि अॅनिलिन लेदरमध्ये ते शाई अजून पसरवतं. आतल्या बाजूला असेल तर राहू द्या. बाहेर असेल तर शेवटी रंगाखाली झाकण्याचा विचार करा.

अख्खी बॅग पाण्यात बुडवण्याबद्दल. जुन्या बॅगांच्या शौकिनांत हा प्रकार बराच चालतो आणि त्याचं मूळ बहुतेकदा कोचच्या जुन्या बॅगांत असतं. ही कंपनी १९४१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. १९६२ पासून बॉनी कॅशिन तिच्यासाठी डिझाइन करू लागल्या आणि फिरवून बंद होणारी पितळी कडी ही त्या बॅगांची ओळख बनली. त्या काळातल्या अनेक बॅगा जाड, मऊ ग्लव्ह-टॅन्ड (हातमोज्यांच्या लेदरसारखं कमावलेल्या) लेदरच्या, अस्तर नसलेल्या, आत पुठ्ठा नसलेल्या आहेत. म्हणून त्यांतल्या बऱ्याच बॅगा आंघोळ सोसतात. पण तीच कृती अस्तराच्या, दोन रंगांच्या, पुठ्ठ्यावर मढवलेल्या किंवा कोऱ्या लेदरचे पट्टे असलेल्या बॅगेवर केली तर पुठ्ठा फुगतो, गोंद सुटतो आणि गडद रंग फिक्यात उतरतो. एकरंगी, बिनअस्तराची, पूर्ण मळलेली आणि दुसऱ्या कशानंही न सुधारलेली बॅग असेल, तरच हा मार्ग. कोमट पाणी, सौम्य द्रव साबणाचे एक-दोन थेंब, थोडाच वेळ, आणि साबण पूर्ण जाईपर्यंत स्वच्छ पाण्यानं खळबळणं. पहिल्या बॅगेवर हा प्रयोग करू नका.

८. वाळवणं

आत टिश्यू किंवा टॉवेल भरून बॅगेला तिचा मूळ आकार द्या. कोपरे नीट भरा, पण ताणू नका. ओलसर लेदर ज्या आकारात वाळतं तो आकार धरतं, त्यामुळे बसकी झालेली बॅग सरळ करायची हीच वेळ. सावलीत, वाऱ्याला, उष्णतेपासून दूर. नुसती पुसलेली बॅग एका दिवसात वाळते, बुडवलेलीला तीन-चार दिवस लागतात आणि आतलं भरण रोज बदलावं लागतं. बुडवलेल्या बॅगेला मात्र पूर्ण वाळण्याआधी, लेदर अजून गारसर लागत असतानाच कंडिशनरचा पहिला हात द्या, नाहीतर ती ताठ होते.

९. इथे एक निर्णय: रंग द्यायचा का?

कंडिशनरच्या आधी हे ठरवा, कारण तेलकट पृष्ठभागावर रंग आणि गोंद दोन्ही धरत नाहीत.

माझा कल नेहमी न देण्याकडे असतो. हाताळून गडद झालेलं हँडल, मंदावलेला रंग हे बॅगेचं वय आहे, दोष नव्हे. कोपऱ्यांचा रंग उडून फिकं लेदर दिसत असेल तर रंगद्रव्य असलेलं क्रीम बोटाला गुंडाळलेल्या कापडानं अगदी थोडं लावा, एवढं बहुतेकदा पुरतं. त्यापुढे जायचं असेल तर अॅक्रिलिक लेदर पेंट. त्यासाठी जुना थर प्रिपेररनं (रंगाआधी वरचा थर काढणाऱ्या द्रावणानं) पुसून काढायचा, खडबडीत कोपरा ६०० ते १००० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकेच गुळगुळीत करायचा, मग पातळ थर, वाळवणं, पुन्हा पातळ थर, आणि शेवटी सीलर, म्हणजे रंगावरचा संरक्षक थर. जाड थर पहिल्या घडीला तडकतो. रंग जुळवताना तो वाळल्यावर पाहा, ओला रंग फसवा असतो. अॅनिलिन लेदरवर पेंट लावला की त्याचं अॅनिलिनपण संपतं, हे समजून मगच लावा.

सुटलेल्या कडा, उखडलेलं पाइपिंग हेही आताच, काँटॅक्ट अॅडहेसिव्हचा पातळ थर दोन्ही बाजूंना लावून.

१०. कंडिशनर: कमी, आणि मग वाट पाहणं

वाटाण्याएवढं कापडावर घ्या, पूर्ण तुकड्यावर पातळ पसरा. लपलेल्या जागी चाचणी इथेही हवीच. रात्रभर ठेवा आणि सकाळी कोरड्या कापडानं उरलेलं पुसा. लेदर अजून कोरडं, कडक लागत असेल तर दुसरा हात, पुन्हा रात्रभर. चिकट वाटू लागलं की तुमचं प्रमाण जास्त झालं आहे.

गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं नीट्सफूट तेल आणि मिंक ऑइल यांची फार शिफारस होते. दोन्ही लेदर गडद करतात आणि जास्त झाली तर बॅग लुळी पडते, उभी राहत नाही. स्वयंपाकाची तेलं तर कालांतरानं खवट होतात. बिक ४ सारखी रंग गडद न करणारी उत्पादनं फिक्या बॅगांसाठी सुरक्षित पडतात. आणि एक स्पष्ट सांगते: कंडिशनरनं तडे बुजत नाहीत. तडा म्हणजे तुटलेले तंतू आहेत. क्रीमनं तो काही दिवस कमी दिसतो, एवढंच.

११. शिवण

ही शेवटी, कारण कोरड्या लेदरमध्ये दोरा ओढला तर भोकं फाटतात. मेण लावलेला पॉलिस्टर दोरा, दोन बोथट सुया, एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी. जुनीच भोकं वापरा. नवं भोक पाडलं की तिथून लेदर कागदासारखं फाटायची वाट तयार होते. उसवलेल्या जागेच्या दोन्ही टोकांना तीन-चार जुन्या टाक्यांवरून नवे टाके घ्या. पट्ट्याच्या मुळाशी, जिथे सगळं वजन येतं, तिथे लेदरच चिरलं असेल तर ते काम बॅग दुरुस्त करणाऱ्या कारागिराला द्या. आतून आधाराची पट्टी लावावी लागते आणि ती बिनचूक बसायला हवी.

१२. ठेवताना

आत टिश्यू भरा, पट्टा आत दुमडून घाला, सुती पिशवीत उभी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा अडकतो. खिळ्याला टांगू नका, पट्टा ताणला जातो. फिकी बॅग गडद बॅगेला टेकवू नका. वर्षातून एक-दोनदा बाहेर काढून कोरड्या कापडानं पुसा आणि लेदर कोरडं लागलं तरच कंडिशनरचा हात द्या.